आठ चॅनेल आणि एक शिळं पेज

पहाटेचे पावणेतीन वाजले होते आणि मी स्क्रीनवरचा एकच आकडा बघत बसलो होतो : 'शिल्लक मेमरी', म्हणजे अजून पाठवायची उरलेली. तो ३८ जीबीपर्यंत उतरायचा, तिथे थोडा रेंगाळायचा आणि पुन्हा ४४ वर चढायचा. ५१२ जीबी रॅमचं डेटाबेसचं एक व्हर्च्युअल मशीन चालू अवस्थेतच एका होस्टवरून, म्हणजे ते ज्या खऱ्या सर्व्हरवर चालतं त्यावरून, दुसऱ्यावर हलवायचं होतं, कारण जुन्या होस्टचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) बदलायचा होता. रात्री गर्दी कमी असते म्हणून रात्र निवडली होती. पण त्या डेटाबेसचं बॅच काम नेमकं रात्रीच चालतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं. पहाटे पाचला हे हलवणं, म्हणजे मायग्रेशन, रद्द केलं. मशीन होतं तिथेच राहिलं.

चालू मशीन हलवायची पद्धत तशी साधी आहे. आधी सगळी मेमरी पाठवायची. तोवर गेस्ट (हलवलं जाणारं मशीन) चालूच असतो, म्हणजे पाठवलेल्या पेजांवर (मेमरीच्या छोट्या तुकड्यांवर) तो पुन्हा लिहीत असतो. कुठली पेजं बदलली याची नोंद कर्नल ठेवतो. दुसऱ्या फेरीत फक्त ती पाठवायची, तिसऱ्या फेरीत त्यानंतर बदललेली. उरलेला गठ्ठा पुरेसा लहान झाला की गेस्ट क्षणभर थांबवायचा, शेवटचं सगळं ढकलायचं आणि पलीकडे तो सुरू करायचा. झेन या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर हे करून दाखवणारा निबंध २००५ चा. त्यात क्वेक ३ या गेमचा चालू सर्व्हर हलवताना सेवा ६० मिलिसेकंदांइतकीच थांबली होती. तेव्हापासून गाभा तोच आहे, फक्त मशिनं फुगली.

आमचं मायग्रेशन एका थ्रेडवर, म्हणजे प्रोग्राममधल्या कामाच्या एकाच धाग्यावर चालायचं. बदललेली पेजं तोच शोधायचा, पेज पूर्ण शून्य आहे का हे तोच बघायचा आणि सॉकेटवर (नेटवर्कच्या जोडणीवर) तोच लिहायचा. जीव तोडून तो सेकंदाला साधारण १ जीबी पाठवायचा. खाली मात्र २५-२५ गिगाबिटच्या दोन लिंक एकत्र जोडून केलेला बाँड होता, म्हणजे कागदावर सेकंदाला सहा जीबीच्या वर. हमरस्ता मोकळा आणि त्यावरून एकच बैलगाडी, असा प्रकार.

दुसऱ्या दिवशी जोडीदाराने फळ्यावर हिशेब मांडला. गेस्ट सेकंदाला ०.६ जीबी मेमरी घाण करतोय, म्हणजे बदलतोय, आणि आपण १ जीबी पाठवतोय, असं धरू. मग प्रत्येक फेरी आधीच्या फेरीच्या ०.६ पट. गेस्ट ३०० मिलिसेकंदच थांबवायची मुभा असेल, तर उरलेला गठ्ठा ०.३ जीबीवर यायला पंधरा फेऱ्या आणि एकूण एकवीस मिनिटं. तेच पाठवायचा वेग अडीच जीबी केला की फेऱ्या पाच, वेळ साडेचार मिनिटं. वेग अडीचपट, पण वेळ जवळजवळ पाचपट कमी. आणि बॅच कामाच्या वेळी घाण व्हायचा वेग १.१ जीबी झाला, तर एका थ्रेडचं मायग्रेशन जन्मात संपत नाही. खरा गेस्ट पुन्हा पुन्हा त्याच पेजांवर लिहितो, त्यामुळे प्रत्यक्षात चित्र एवढं वाईट नसतं, पण कल हाच.

"मग समांतर करू. आठ थ्रेड, आठ सॉकेट," मी म्हणालो. "आठवड्याभराचं काम."

आठवड्याभरात ते झालं, हे खरं आहे. त्यानंतरचे तीन महिने कशात गेले ते सांगतो.

पहिली आवृत्ती अशी होती. मुख्य थ्रेड बदललेली पेजं शोधतो, त्यांचे गठ्ठे करून रांगेत टाकतो. आठ कामगार थ्रेड रांगेतून गठ्ठा उचलतात आणि आपापल्या सॉकेटवर लिहितात; थ्रेड आणि त्याचं सॉकेट मिळून एक चॅनेल. जो मोकळा, तो पुढचा गठ्ठा उचलेल. गठ्ठा केवढा, यावर एक अख्खी दुपार वाद झाला. एकेक पेज द्यावं, तर एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणाऱ्या रांगेच्या कुलपावरच मारामारी. ५१२ जीबी म्हणजे ४ केबीची १३ कोटी ४२ लाख पेजं, तेवढ्या वेळा कुलूप उघडझाप. चार-चार एमबीचे गठ्ठे करावेत, तर शेवटच्या फेरीत सात थ्रेड हात बांधून बसतात आणि आठवा आपला गठ्ठा संपवत असतो, तेही गेस्ट थांबलेला असताना. क्यूएमू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं मल्टीएफडी, म्हणजे अनेक चॅनेलांनी पाठवायची सोय, ५१२ केबीचा गठ्ठा वापरतं, म्हणजे १२८ पेजं. आम्ही ६४ केबीपासून ४ एमबीपर्यंत सगळं मोजून शेवटी तिथेच आलो. ५१२ केबी सर्व्हरच्या एल२ कॅशमध्ये (प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत) मावतं, हेही एक कारण असावं. खरं तर ती दुपार वाया गेली. तो आकडा आधीच उचलला असता तरी चाललं असतं.

चाचणीत वेग १ जीबीवरून २.९ वर गेला आणि आम्ही खूश झालो. टीम लीड मॅडमनी आलेख बघितला आणि एकच प्रश्न विचारला, "पावणेसहाच्या आसपास का नाही?"

उत्तर नेटवर्क कार्डाच्या दोन पोर्टांच्या (प्रत्येक लिंकचा एक) काउंटरमध्ये होतं. पहिल्या पोर्टचा पाठवलेल्या बाइटचा आकडा डोळ्यांना दिसू नये इतका पळत होता. दुसऱ्याचा जवळजवळ गोठलेला. लिनक्सच्या बाँडिंगमध्ये कुठलं पॅकेट कुठल्या लिंकवर जाणार, हे हॅश, म्हणजे पॅकेटवरच्या पत्त्यांवरून आकडा काढणारं गणित, ठरवतो आणि तो हॅश मुळात लेअर २ चा असतो. म्हणजे दोन्ही बाजूंचे मॅक पत्ते (नेटवर्क कार्डांचे पत्ते) बघायचे आणि लिंक निवडायची. आमचे आठही सॉकेट त्याच दोन होस्टमधले, मॅक पत्ते तेच, म्हणून आठही गाड्या एकाच लेनमध्ये. चॅनेल आठ काय आणि ऐंशी काय, वेग एका लिंकचाच. हॅश लेअर ३+४ वर नेला, म्हणजे सॉकेटगणिक वेगळा असणारा पोर्ट क्रमांकही हिशेबात धरायला लावला. तरी अर्धाच फरक पडला, कारण मधल्या नेटवर्क स्विचपासून पलीकडच्या होस्टपर्यंतची वाटणी स्विच करतो आणि त्याचा हॅश वेगळा. तोही बदलून घेतला.

यात एक गोष्ट आम्ही नीट लक्षात घेतली नाही. हॅश म्हणजे नाणेफेक. आठ नाणी उडवली तर बरोबर चार-चार पडायची शक्यता २७ टक्केच. सहा-दोन किंवा त्याहून वाईट वाटणी व्हायची शक्यता २९ टक्के. म्हणजे दर तीन-चार मायग्रेशनमधल्या एकात काही चॅनेल दाटीवाटीत आणि काही ऐसपैस. "जो मोकळा तो उचलेल" या रचनेमुळे वेगावर याचा फारसा परिणाम होत नव्हता. मंद चॅनेल कमी गठ्ठे उचलायचा, एवढंच. आम्ही स्वतःची पाठ थोपटली. याच दाटीतून पुढे सगळा घोळ झाला.

त्याआधी सीपीयूचं प्रकरण आलं. प्रयोगाच्या होस्टवर सेकंदाला साडेचार जीबी मिळत होते, खऱ्या होस्टवर जेमतेम दोन. कारण हास्यास्पद होतं. खऱ्या होस्टवर गेस्टचे व्हीसीपीयू (व्हर्च्युअल प्रोसेसर) सोडून बाकी सगळे थ्रेड प्रोसेसरच्या दोन कोअरवर बांधून ठेवलेले होते, गेस्टला त्रास नको म्हणून. एक मायग्रेशन थ्रेड असताना ही व्यवस्था उत्तम होती. आता आठ जण त्याच दोन खुर्च्यांवर. बंधन काढून टाकलं तर वेग आला, पण डेटाबेसवाल्यांचा फोनही आला : क्वेरी अडखळताहेत. होस्टवर ताण आहे म्हणून मशीन हलवायचं आणि हलवण्याच्या कामानेच ताण वाढवायचा, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

इथे स्वच्छ उत्तर नाही. मायग्रेशनच्या थ्रेडनी गेस्टचा सीपीयू थोडा खाल्ला, तर गेस्ट मंदावतो आणि मेमरी कमी घाण करतो, म्हणजे मायग्रेशनला मदतच होते. क्यूएमूचं ऑटो-कन्व्हर्ज हेच उघडपणे करतं. मायग्रेशन संपत नसेल तर गेस्टच्या सीपीयूला आधी २० टक्के आवळतं, मग दर वेळी १० टक्के आणखी. मला ते आवडत नाही. ज्याचं मशीन आहे त्याला कळू न देता त्याचा गळा आवळायचा आणि वर म्हणायचं, डाउनटाइम फक्त ३०० मिलिसेकंद. आम्ही नेटवर्क कार्ड ज्या न्यूमा नोडवर (प्रोसेसर आणि त्याच्या जवळची मेमरी यांच्या गटावर) आहे, त्या नोडचे चार कोअर मायग्रेशनसाठी राखून ठेवले. कायमचे चार कोअर गेले, ही किंमत. आमच्यात यावरून अजूनही कुरबुर चालते.

चार कोअर असतील तर चॅनेल आठ कशाला, असा प्रश्न रास्त आहे. मोजल्यावर पाच-सहाच्या पुढे आलेख सपाटच होता. याचं कारण मात्र कोअर नव्हते, तर मुख्य थ्रेड होता. पाठवण्याचं काम वाटून दिलं, पण शून्य पेज ओळखायचं काम अजून तोच एकटा करत होता, म्हणजे प्रत्येक पेज मेमरीतून एकदा वाचत होता. अ‍ॅमडालचा १९६७ चा नियम इथे शब्दशः भेटला : जेवढं काम एकट्याने करावं लागतं, तेवढी तुमची मर्यादा. शून्याची तपासणी कामगार थ्रेडांकडे दिली आणि साडेचारवर अडलेला वेग पाचच्या जवळ गेला. क्यूएमूमध्ये हाच बदल २०२४ च्या ९.० आवृत्तीत आला. आपण केलं तेच शहाण्या लोकांनीही केलं, हे बघून बरं वाटतं. मग वाटतं, त्यांचं आधी वाचायला हवं होतं. आठ चॅनेल ठेवले ते हॅशच्या नाणेफेकीसाठी. कमी नाणी असतील तर सगळीच एका बाजूला पडायची भीती जास्त.

आणि मग तो दिवस आला. मायग्रेशन व्यवस्थित पूर्ण झालं, लॉग स्वच्छ, आणि चाळीस मिनिटांनी डेटाबेसने तक्रार केली : एका ब्लॉकचा चेकसम (मजकूर शाबूत आहे का हे तपासायचा आकडा) जुळत नाही. डिस्कवर ब्लॉक बरोबर होता. चुकीचा होता तो मेमरीतला. डेटाबेस पुन्हा सुरू केल्यावर सगळं ठीक. अशा वेळी माणसाला वाटतं, रॅमची काडी खराब असेल. आम्हालाही तेच वाटलं. पुढच्या पंधरवड्यात वेगळ्या होस्टवर, वेगळ्या मशिनीत पुन्हा तसंच झालं, तेव्हा पोटात गोळा आला. हळू चाललेल्या मायग्रेशनबद्दल लोक कुरकुर करतात. चुकीची मेमरी देणाऱ्या मायग्रेशनला कुणी माफ करत नाही आणि करूही नये.

जोडीदाराने एक छोटा प्रोग्राम लिहिला. गेस्टमध्ये ६४ जीबी मेमरी घ्यायची. यादृच्छिक पेज निवडायचं, त्यावरचा आकडा एकाने वाढवायचा आणि एका वहीत त्या पेजाचा ताजा आकडा नोंदवायचा. वहीसुद्धा त्याच मेमरीत असते, त्यामुळे तीही बिघडू शकते, पण दोन्हीपैकी काहीही बिघडलं तरी मेळ बसत नाही, आणि आम्हाला तेवढंच हवं होतं. मायग्रेशननंतर सगळी पेजं वहीशी ताडून बघायची. पहिल्या तीस फेऱ्यांत काहीच नाही. रात्रभर लावून ठेवलं. सकाळी एक ओळ होती : वहीत ७३१, पेजवर ७३०.

ती ओळ मी बराच वेळ बघत होतो. पेजवर कचरा नव्हता, शून्य नव्हतं, दुसऱ्याच पेजाचा मजकूर नव्हता. ते पेज शुद्ध होतं, फक्त शिळं. एक लिखाण मागे.

पहिला संशय नेहमीच्या चोरावर. बदलाची खूण पेज वाचायच्या आधी पुसायची असते. वाचून झाल्यावर पुसली, तर मधल्या काळात गेस्टने केलेलं लिखाण हरवतं. आमचा क्रम बरोबर होता. मग कर्नलच्या नोंदीवर संशय घेतला, दोन दिवस घालवले, आणि कर्नल निर्दोष निघाला. कर्नलवर संशय घेणाऱ्याचे दोन दिवस बहुधा असेच जातात.

खरा प्रकार असा होता. चौथ्या फेरीच्या शेवटी शेवटी एक पेज तिसऱ्या चॅनेलवर गेलं, आकडा ७३०. लगेच गेस्टने त्यावर लिहिलं, आकडा ७३१. पाचव्या, म्हणजे शेवटच्या फेरीत तेच पेज पाचव्या चॅनेलवर गेलं. पाचवा चॅनेल मोकळ्या लिंकवर होता, तिसरा दाटीच्या. तिथे एक पॅकेट गळालं. टीसीपी, म्हणजे सॉकेटवरची वाहतूक सांभाळणारा प्रोटोकॉल, गळालेलं पॅकेट पुन्हा पाठवतो खरा, पण पुढची पोच न आल्याने टायमरची वाट बघायची पाळी आली, तर लिनक्समध्ये ती वाट किमान २०० मिलिसेकंदांची असते. तेवढ्यात ७३१ पलीकडे पोहोचला आणि मेमरीत लिहिला गेला. मग वरातीमागून घोडं यावं तसा ७३० आला आणि त्याने ७३१ पुसून टाकला.

"पण आपण फेरी संपल्यावर थांबतो ना?" मी विचारलं. थांबण्याचा कोड मीच लिहिला होता.

"थांबतो रे, पण कशासाठी ते बघ," तो म्हणाला.

मी थांबत होतो ते आठही थ्रेडचं लिहून होईपर्यंत. सॉकेटवर लिहिणं संपलं म्हणजे डेटा आपल्याच कर्नलच्या बफरमध्ये गेला, बस्स. पलीकडे पोहोचला का, मेमरीत उतरला का, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. पत्र पेटीत टाकलं आणि मिळालं असं गृहीत धरलं. एका चॅनेलच्या आत टीसीपी क्रम सांभाळतो, दोन चॅनेलमधला क्रम कुणीच सांभाळत नाही. तो सांभाळायचं काम माझं होतं. सगळ्यात शेवटी आम्ही आठही चॅनेल बंद होईपर्यंत थांबायचो, त्यामुळे हरवत काहीच नव्हतं. सगळं पोहोचायचं, क्रम तेवढा उलटा.

बाँडचा हॅश दुरुस्त करायच्या आधी ही चूक दिसली नाही, कारण तेव्हा आठही चॅनेल एकाच लिंकवर, एकाच दाटीत होते. सगळे सारखेच अडकायचे. आम्ही दुसरी लिंक उघडली आणि चॅनेलांच्या वेगात तफावत आली. म्हणजे चूक पहिल्या दिवसापासून होती, तिला वाव आम्ही नंतर दिला.

आता दोन रस्ते होते. पहिला : प्रत्येक पेजाचा चॅनेल कायमचा ठरवून टाकायचा. मेमरीचे दोन-दोन एमबीचे तुकडे करायचे, तुकड्याच्या क्रमांकाला आठने भागायचं, बाकी उरेल तो चॅनेल. एक पेज नेहमी एकाच चॅनेलने जाणार, म्हणजे क्रम आपोआप. फेऱ्यांच्या मध्ये थांबायची गरज नाही. मला ही रचना फार आवडली. पुसट आठवतं, त्या दिवशी मी घाईघाईने अर्धा कोड जेवणाच्या सुट्टीतच लिहून काढला होता. शांत नेटवर्कवर ती सुरेख चालली. तिचा आणखी एक फायदा पलीकडे दिसला : दोन एमबीच्या एका तुकड्याला एकच थ्रेड हात लावतो, त्यामुळे मोठी पेजं घेताना थ्रेड एकमेकांच्या पायात येत नाहीत.

मग एका लिंकवर बॅकअपची वाहतूक सुरू असताना चाचणी घेतली. सात चॅनेल वाट्याचं काम संपवून मोकळे, आणि एक जण आपला वाटा ओढत बसलेला. त्याचं काम दुसऱ्या कुणाला देता येत नाही, कारण दिलं की क्रमाची हमी गेली. सर्वांत मंद चॅनेलचा वेग गुणिले आठ, हा मायग्रेशनचा वेग. शिवाय गेस्टची गरम पेजं (ज्यांवर तो वारंवार लिहितो ती) सारखी पसरलेली नसतात. एखाद्या चॅनेलच्या वाट्याला दर फेरीत दुप्पट येतात. ज्या नाणेफेकीला पहिली रचना सहज पचवत होती, तिच्यापुढे या रचनेने मान टाकली.

दुसरा रस्ता : रांग तशीच ठेवायची, पण थांबायचं ते योग्य ठिकाणी. फेरी संपली की प्रत्येक चॅनेलवर 'फेरी संपली' अशी एक खूण पाठवायची. पलीकडचा प्रत्येक थ्रेड आपली खूण येईपर्यंतचा सगळा डेटा मेमरीत उतरवतो आणि थांबतो. आठही खुणा आल्या की सगळे पुढच्या फेरीला मोकळे. वाट बघायची पाठवणाऱ्याने नाही, घेणाऱ्याने. पाठवणारा पुढच्या फेरीचे गठ्ठे बफरात भरत राहू शकतो.

हा रस्ता आधी नाकारला होता तो "आठ जणांना एकत्र थांबवणं महाग पडेल" या भीतीने. मोजलं तेव्हा कळलं, महाग पडतं ते वारंवार थांबवणं. क्यूएमूमध्ये सुरुवातीला दर थोड्या वेळाने, मुख्य प्रवाहाचा एकेक भाग संपला की, सगळे चॅनेल रिकामे करून घ्यायचे. नंतर ते पूर्ण फेरीला एकदा असं केलं. कारण साधं आहे : एका फेरीत एक पेज एकदाच जातं, त्यामुळे फेरीच्या आत क्रम उलटायला जागाच नाही. आमच्या मायग्रेशनला पाच-सहा फेऱ्या लागतात. पाच-सहा वेळा, दर वेळी सर्वांत मंद चॅनेलचा बफर रिकामा होईपर्यंत थांबायचं. दोन मिनिटांच्या प्रवासात ते दिसतही नाही. अपवाद शेवटच्या फेरीचा, कारण तेव्हा गेस्ट थांबलेला असतो आणि एक गळालेलं पॅकेट २०० मिलिसेकंद खाऊ शकतं, म्हणजे ३०० च्या मुभेतले दोन-तृतीयांश. हे आम्ही तसंच सोडलं. शेवटच्या फेरीत फक्त वेगवान चॅनेल वापरायची युक्ती कुणीतरी सुचवली होती, पण एव्हाना नव्या युक्त्यांची हौस फिटली होती.

घेणाऱ्या बाजूबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आम्हीही तिच्याकडे उशिराच बघितलं. नव्या होस्टवर गेस्टची मेमरी म्हणजे सुरुवातीला नुसतं आश्वासन असतं. पेजाला पहिल्यांदा हात लागला की कर्नल जागा शोधतो, शून्य भरतो, मग डेटा उतरतो. आठ थ्रेड एकाच वेळी हे करू लागले की प्रोसेसच्या मेमरी-नकाशाच्या कुलपावर गर्दी. ४ केबीच्या पेजांनी हे १३ कोटी ४२ लाख वेळा, २ एमबीच्या पेजांनी २,६२,१४४ वेळा. मोठी पेजं घेतली आणि प्रश्न मिटला. सगळी मेमरी आधीच घेऊन ठेवायचा पर्यायही होता, पण मग रिकामी पेजंही जागा अडवतात.

झिरो-कॉपी वापरून बघितलं. कर्नलने डेटा बफरात न उतरवता थेट गेस्टच्या मेमरीतून पाठवायचा; लिनक्समध्ये ही सोय २०१७ पासून आहे. सीपीयू खरोखर वाचतो. पण पेजं मेमरीत खिळवून ठेवावी लागतात, त्याची मर्यादा वाढवून घ्यावी लागते, आणि एन्क्रिप्शन हवं असेल तर हे चालत नाही, कारण एन्क्रिप्ट करायचं म्हणजे डेटाला हात लावणं आलंच. आम्हाला एन्क्रिप्शन हवं होतं. विषय संपला. कॉम्प्रेशनचंही तसंच : २५ गिगाबिटच्या लिंकवर सीपीयूच आधी थकतो. दूरच्या, अरुंद लिंकवर ते कामाचं ठरेल.

चॅनेल मधेच तुटला तर काय, यावर मॅडमचं आणि माझं जुंपलं. मला तो पुन्हा जोडून, त्याचं उरलेलं काम वाटून पुढे जायचं होतं. त्या म्हणाल्या, "मूळ मशीन अजून इथेच चालू आहे ना? मग रद्द कर आणि पहिल्यापासून सुरू कर. दोन मिनिटांच्या कामासाठी कशाला एवढा खटाटोप?" मी आठवडाभर घुश्शात होतो. त्यांचं बरोबर होतं. गेस्ट आधी पलीकडे सुरू करून मेमरी मागून ओढायच्या पद्धतीत हे चालणार नाही, कारण तिथे अर्धं मशीन इकडे आणि अर्धं तिकडे असतं. आम्ही त्या वाटेला गेलो नाही.

५१२ जीबीचं ते डेटाबेस मशीन शेवटी सव्वादोन मिनिटांत हललं, दिवसाउजेडी, भर गर्दीत. संध्याकाळी डेटाबेसवाल्यांपैकी एकाने विचारलं की ते मायग्रेशन कधी करणार आहात, म्हणजे आम्ही आधी सूचना लावू.

जोडीदाराचा तो आकडे मोजणारा प्रोग्राम आता दर रात्री चालतो. आणि माझा जुना, चुकीच्या ठिकाणी थांबणारा कोड आम्ही काढून टाकलेला नाही. चालू-बंद करता येईल अशा एका सेटिंगमागे ठेवला आहे. दर रविवारी एका चॅनेलला मुद्दाम २०० मिलिसेकंदांचा उशीर लावून तो चालवतो. त्या चाचणीत शिळं पेज सापडायलाच हवं. मागच्या महिन्यात एका रविवारी ते सापडलं नाही, आणि सोमवारी सकाळी आम्ही दोघं सगळी कामं बाजूला ठेवून ते का सापडलं नाही हे शोधत होतो. उशीर लावणारी स्क्रिप्ट चुकीच्या पोर्टवर चालली होती. ती दुरुस्त केली, पुन्हा चालवली आणि स्क्रीनवर ओळ उमटली : वहीत १२०९, पेजवर १२०८.